मुळाची गाडी

आमच्या महेशने मला ओट्यावर खुर्ची टाकून दिली, पुढ्यात झेंडूची पाटी ठेवली, हातात सुईदोरा दिला आणि म्हणाला, "आई, आज तू फक्त माळा करायच्या. तोंड उघडायचं नाही."

"आणि जांभई आली तर?"

"तर तोंडावर हात धरायचा. पण बोलायचं नाही. आणि बोललीसच तर 'हाय' म्हणू नको, 'आहे' म्हण. पुण्याचा माणूस आहे."

पन्नाशीला टेकलेला पोरगा. ह्याला बोलायला मीच शिकवलं, आणि आता हाच माझ्या तोंडाला बूच लावतो. पण सकाळपासून त्याने तीनदा शर्ट बदलला होता, म्हणून म्हटलं जाऊ द्या, एक दिवस ऐकू त्याचं.

पुण्याचा माणूस यायचा होता आमची गाडी पारखायला. गाडी म्हणजे फियाट. माझे सासरे, गोटीराम आण्णा, देवळालीच्या एका पारशी डॉक्टरकडे रोज गुलाब पोचवायचे. त्या डॉक्टरने नवीकोरी घेतलेली ही गाडी, पुढे त्याला दिसेनासं झालं तेव्हा आण्णांनी मागून घेतली. आमच्या मखमलाबादेत तेव्हा बैलगाड्याच. लोक हिला डुक्कर फियाट म्हणतात, नाक पुढे आलेलं आहे आणि पुढची दारं उलटी उघडतात म्हणून. ज्यांच्या दारात नव्हती त्यांनी ठेवलेलं नाव आहे ते. आमच्या घरात ते नाव घेणाऱ्याला चहा मिळत नाही.

तर नाशकात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरायचं होतं, नेमकं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. त्यात एक मानाचा वर्ग होता, त्याचं नाव 'मूळ'. कंपनीतून जशी निघाली तशीच्या तशी असलेली गाडी त्यात बसणार. पुण्याहून पारखी येणार, गाडी बघणार, आणि पास केली की तिला घरात कुलूप. प्रदर्शनापर्यंत रस्त्यावर काढायची नाही, मैदानात न्यायची तीसुद्धा ट्रकवर चढवून. चाकं असून पालखीत बसणारी गाडी! महेशने अख्ख्या मार्केट यार्डात सांगून ठेवलं होतं की आमची फियाट मूळ वर्गात उभी राहणार.

आणि माझी गोष्ट तिथेच अडली होती.

आमच्याकडे सासरच्या लेकीला आणायला माहेराहून जो माणूस जातो त्याला मूळ म्हणतात. आखाजीच्या आधी घरोघर मूळ येतं. ज्या सुनेचं मूळ आलं नाही, ती पाणी भरतानासुद्धा वेशीकडे बघत असते. आणि आमच्या घरातल्या झाडून सगळ्या लेकींचं मूळ ह्याच गाडीतून गेलेलं. मला वणीहून, माझ्या माहेराहून परत आणायला माझे मालक आले तेही हीच घेऊन. महेशची थोरली लेक निकिता, माझी नात, ह्या माघात कळवणला दिली. लग्नात मी तिच्या सासूसमोर, भर मांडवात शब्द टाकला होता, की पहिल्या आखाजीला आमची फियाट येईल.

निकिताचा दर दोन दिवसांनी फोन. "आजी, गाडी येणार ना? आमच्या सासूबाईंनी गल्लीत सांगून ठेवलंय."

मी महेशला विचारलं तर म्हणाला, "इनोव्हा पाठवतो ना आई. एसी आहे तिला."

"मोठी गाडी तर तिच्या सासरच्या दारातबी उभी हाय. पोरीला थंड करायला आणायची का माहेरी आणायची?"

तो गप्प बसला. हा गप्प बसला म्हणजे ऐकलं असं नसतं, आपल्याला कंटाळला असं असतं.

म्हणजे सरळ होतं. गाडी पास झाली तर कुलूप, आणि निकिताचं मूळ बुडलं. नापास झाली तर कळवण. मला फक्त माळा ओवत बसायचं होतं आणि पुण्याच्या माणसाने गाडी नापास करायची वाट बघायची होती. इतकं सोपं काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

पारखी आला तो रिक्षातून. ज्ञानेश देवस्थळी नाव. बारीक अंगाचा, पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी.

महेशने हात जोडले. "सर, गाडी नाही आणली?"

"मला गाडी नाही," तो म्हणाला. "दुसऱ्यांच्या बघतो. स्वतःची असली की नजर बिघडते."

मला माणूस आवडला. पण तोंडावर बंदी होती, म्हणून एक फूल जास्त ओवलं.

पिशवीतून त्याने एक लोहचुंबक काढलं, फडक्यात बांधलेलं, रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून. एक बॅटरी. एक दांड्याला बसवलेला आरसा, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला. आणि मग तो गाडीभोवती फिरायला लागला. मुलगी बघायला आलेली आत्या बरी, ती निदान बसून बघते. हा वाकून बघायचा, खाली पडून बघायचा, नखाने वाजवून बघायचा, कान लावून ऐकायचा. बसायच्या गादीचा वाससुद्धा घेतला. महेश मागे मागे, मुलीचा बाप असल्यासारखा, हात पुसत.

चुंबक बॉनेटला चिकटलं. दारांना चिकटलं. डाव्या मडगार्डावर ठेवलं, तर घसरून खाली.

"इथे पुट्टी आहे," देवस्थळी म्हणाला. "पत्रा नाही आत."

"थोडी असेल सर. ओल धरली होती," महेश म्हणाला.

ओल! मला ठसका लागला. ओलीला कधी शिंगं असतात का? मी खोकले. परत खोकले.

देवस्थळीने वळून बघितलं. "आजींना खोकला झालाय का?"

"धूळ आहे सर, धूळ."

"धूळ नाय," मी म्हणाले. "मला बोलायची बंदी हाय."

महेशने डोळे मिटले. देवस्थळी मिशीत हसला. मिशी नव्हती त्याला, तरी हसला तो मिशीतच.

मग स्क्रू. त्याने बॅटरी मारून दाखवलं की जुन्या काळच्या स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी चीर असते, आणि आमच्या आरशाच्या स्क्रूवर बेरजेची खूण आहे. म्हणजे आरसा नंतरचा. मग चाकांकडे गेला. चाकाच्या मधोमध चकाकणाऱ्या झाकण्या असतात ना, व्हील कॅप म्हणतो त्याला महेश, त्यांवर नखाने टिकटिक केलं.

"चारही नवीन आहेत."

"सर, ओरिजनल म्हणून घेतल्या. कुर्ल्याहून, खास."

"ओरिजनलसारख्या म्हणून विकल्या असतील त्याने."

"'सारख्या' हळूच म्हणाला असंल," मी म्हणाले.

"आई!"

"माळेशी बोलत्ये मी."

देवस्थळी उठून उभा राहिला, गुडघे झटकले, चष्मा पुसला. मग जरा दमून म्हणाला, "महेशराव, स्पष्ट बोलतो. ह्या गाडीत मूळ काय राहिलंय, तेच मला कळत नाहीये."

आता मला सांगा, असा सरळ प्रश्न विचारल्यावर कोण गप्प बसेल?

"एकच राहिलंय," मी म्हणाले. "निकिताचं."

तो माझ्याकडे वळला. "निकिताचं? काय?"

"मूळ. बाकीची सगळी झाली. तेवढं एकच राहिलंय."

"निकिता म्हणजे कुठला पार्ट?"

"पार्ट नाही सर," महेश म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "माझी मुलगी आहे."

"ती कळवणला अडकलीये," मी सांगितलं.

"कळवणला? कोणत्या गॅरेजला?"

"गॅरेज कसलं? चांगलं सासर हाय. पाच खोल्यांचं घर, दारात कांद्याची चाळ."

देवस्थळीने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "आजी, म्हणजे बाकीची सगळी मूळ आहेत, असं तुमचं म्हणणं?"

"तर! एकबी खोटं गेलं नाय. वेळच्या वेळेला. पेठच्या घाटात चिखल होता, तरी गेलं."

तेवढ्यात आमची सून मनीषा चहा घेऊन बाहेर आली. तिने दारातूनच सगळं ऐकलं होतं. हसून हसून तिच्या हातातल्या कपबश्या वाजत होत्या. "सर, तुमचं मूळ वेगळं आणि आत्याबाईंचं वेगळं," ती म्हणाली. "मूळ म्हणजे माहेराहून न्यायला येतात ते."

देवस्थळी पायरीवर खालीच बसला. आधी नुसते खांदे हलले, मग चष्मा काढून ठेवावा लागला. "मुराळी! आमच्याकडे मुराळी म्हणायचे. माझा मामा यायचा आईला न्यायला, सायकलवरून. आई आदल्या दिवसापासून माझ्या केसांना तेल लावून ठेवायची." चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "महेशराव, आजींवरची बंदी उठवा. गाडीबरोबर साक्षीदार मिळत असेल तर कोण सोडेल?"

महेशचा नाइलाज झाला. मान हलवली बिचाऱ्याने.

"तर आजी, हे डावं मडगार्ड?"

"ती माझी नणंद, कुसाबाई. पेठला दिलेली. तिची सासू पाठवायलाच तयार नव्हती, आज पाठवते उद्या पाठवते. आण्णा गाडी घेऊन गेले आणि तिच्या दारात हॉर्न वाजवत बसले. सगळं गाव गोळा झालं, तेव्हा लाजेकाजेस्तव पाठवलं तिला. आण्णा खुशीत निघाले, आणि पुढच्याच पाड्यावर एक बैल आडवा आला. त्यालाबी हॉर्न वाजवला. पण बैलाला लाज कुठून येणार? शिंग घातलं त्याने."

"म्हणजे ती ओल नव्हती," देवस्थळी महेशला म्हणाला.

"ओल होती," मी म्हणाले. "कुसाबाई रडत होती ना मागं बसून."

देवस्थळीने परत मडगार्डावर हात फिरवला. आता जरा मायेने फिरवला असं मला वाटलं. पण माणूस आपल्या कामाला पक्का होता. उठला आणि म्हणाला, "गोष्ट छान आहे आजी, पण गोष्टीला गुण नाहीत. पुट्टीचं मी समजून घेईन, ती जुनी आहे. पण झाकण्या खोट्या, आरसा खोटा, हॉर्नसुद्धा बाहेरचा. वाईट वाटतं, पण मला ही गाडी बनावट सामानाची म्हणावी लागेल. कळवणला न्यायला हरकत नाही."

झालं! मला हवं तेच झालं होतं. गाडी नापास. निकिताला फोन करायचा आणि सांजोऱ्या तळायला घ्यायच्या. मी माळेची गाठ मारली. दोरा तोडला.

पण बनावट?

देवळालीच्या डॉक्टरने डोळ्यांना लावून आण्णांना दिलेली गाडी. दर दसऱ्याला मी तिच्या नाकाला हळदकुंकू लावलेलं. आणि कुर्ल्याच्या कुणा दुकानदारापायी तिला पुण्याचा माणूस माझ्याच ओट्यावर चहा पिऊन बनावट म्हणणार?

"मनीषा," मी म्हणाले, "दुधाच्या पातेल्यावरची झाकणी आण."

मनीषाने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं मी काय करत्येय. "आत्याबाई, दूध उघडं राहील."

"ऱ्हाऊ दे. आण."

तिने आणली. देवस्थळीने हातात घेतली आणि तोलूनच तो ताठ झाला. सायीचा थर होता, तो खिशातल्या रुमालाने पुसला. उलटी केली. अक्षरांवरून अंगठा फिरवला. "ही!" तो म्हणाला. "ही आहे मूळ. बाकीच्या तीन?"

एक कोंबड्यांच्या पाण्याला होती. एक मोगऱ्याच्या कुंडीखाली. आणि चौथीत आम्ही निकिताची हळद कालवली होती, ती अजून पिवळी होती आतून. मनीषा एकेक आणून देत होती, तो एकेक पुसत होता, आणि महेशचं तोंड उघडं ते उघडंच.

"आई, ह्या तर तू भंगारात दिल्या होत्या!"

"तू 'दे' म्हणालास. मी 'दिल्या' कधी म्हणाले?"

"आणि आरसा?"

"रोज सकाळी दाढी कशात बघून करतोस?"

महेश धावत मोरीत गेला. बाहेर आला तो आरसा हातात घेऊन. गालाला हात लावून असा उभा राहिला, जणू इतके दिवस आपण कुणाच्या परक्या तोंडाची दाढी करत होतो. हॉर्न मळ्यात होता, पोपट हाकायला टांगलेला. तोही आला.

देवस्थळीने सगळं ओट्यावर मांडलं. माझ्या झेंडूच्या माळा बाजूला सारून मांडलं. "हे सगळं परत बसवा," तो महेशला म्हणाला. "मडगार्डाचे थोडे गुण जातील. पण गाडी मूळ वर्गात बसते. अगदी व्यवस्थित बसते."

महेशने येऊन माझे पाय धरले. लग्नानंतर पहिल्यांदा! आणि पाय धरल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी आत्ता काय करून बसले.

मनीषा कपबश्या गोळा करत होती. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "झालं का समाधान? आता निकिताला फोन तुम्हीच करा. सांगा, दुधाच्या झाकणीनं तुझं मूळ अडवलं म्हणून."



देवस्थळी निघायच्या आधी शेवटचं म्हणून मागचं दार उघडून आत वाकला. बराच वेळ बाहेर आला नाही. मग आतूनच म्हणाला, "महेशराव, हे काय आहे?"

मागच्या काचांच्या वर, दोन्ही बाजूंना, एकेक पितळी सळई आहे. बोटाएवढी जाड. तिच्यात पितळेच्या कड्या.

"पडद्याची सळई," महेश म्हणाला.

"कंपनीने असं काही कधी दिलं नाही."

"कंपनी कशाला देईल?" मी म्हणाले. "कंपनीला काय लेकी हायेत? आण्णांनी तांबट आळीतून करून घेतली. लेक सासरहून निघाली की रडते, आणि सासरी जाताना त्याहून जास्त रडते. रस्त्यावरच्या लोकांनी कशाला बघायचं ते? म्हणून पडदा. आणि पडदा त्या पोरीच्या आईच्या लुगड्याचा. दर पोरीला तिच्या तिच्या आईचा."

देवस्थळी बाहेर आला. बॅटरी बंद केली. "हे बाहेरून जोडलेलं आहे," तो म्हणाला. आवाज मात्र हळू होता. "मूळ वर्गाचा नियम आहे, बाहेरून जोडलेलं काही चालत नाही. हे काढलंत तर गाडी आत्ता पास. ठेवलंत तर ती चालत्या गाड्यांत जाईल. तो वर्ग मानाचा नाही. त्यांना कुलूप नसतं, पण मैदानात स्वतःच्या चाकांवर यावं लागतं."

"काढतो सर," महेश म्हणाला. "दोन मिनिटं."

तो पाना-पेचकस घेऊन आला आणि मागच्या सीटवर चढला. मला पुष्कळ बोलता आलं असतं. जिभेवर पाच-सहा वाक्यं रांग लावून उभी होती. पण माझ्या एका वाक्याने आज केलं तेवढं पुरे होतं. मी झेंडूची दुसरी माळ घेतली. आता बंदी नव्हती, आणि आताच गप्प बसणं जड गेलं.

मनीषा घरातून परत आली. हातात हिरवी साडी. साडी कसली, तिचे दोन तुकडे, कडेला नेफा शिवलेला. तिच्या लग्नातली हिरवी. लग्न झाल्यापासून ट्रंकेत होती, ती तिने कधी कापली ते मलाही माहीत नव्हतं.

"अहो," ती गाडीच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "सळई काढायची तर काढा. पण हे कुठं लावू तेवढं आधी सांगा. निकिताला एसीच्या गाडीत लावता येईल का?"

महेशने पेचकस थांबवला. साडीकडे बघितलं. ती नेसून मनीषा ह्याच गाडीत, ह्याच सीटवर बसून ह्या घरात आली होती, आणि पुढे बसून गाडी चालवत होते ह्याचे वडील. हा शेजारी बसला होता, कडक इस्त्रीचा, घामाघूम.

देवस्थळीने बॅटरी मारून स्क्रूवर उजेड धरला. "हा मात्र एका चिरेचा आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "त्या काळचाच."

महेशने पेचकस चिरेत बसवला. फिरवला. थांबला.

"हलत नाही."

"जोर लाव की," मी म्हणाले.

"तुटेल."

"तुटू दे. कंपनीचा थोडाच हाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी माळेकडे बघितलं. परत त्याने पेचकस लावला, परत काढला. कपाळाचा घाम पुसला. "गंजलाय बहुतेक," तो म्हणाला.

"सर," मी विचारलं, "पितळ गंजतं का हो?"

देवस्थळीने चष्मा नीट केला. "गंजत नाही आजी," तो म्हणाला. "पण कधी कधी हलत नाही."

महेश उतरला. पेचकस खिशात घातला. गाडीच्या छपरावर हात ठेवला. मग घुश्शात म्हणाला, "चालत्या गाड्यांत टाका सर. चालतेय तर चालू दे." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही दोघींनी ठरवून केलं हे सगळं!"

"ठरवून केलं असतं तर झाकण्या बाहेर काढल्या असत्या का रे, येड्या?"

मी माळा गोळा करायला लागले.

देवस्थळीला मी झेंडूची एक माळ दिली. रिक्षात बसता बसता तो म्हणाला, "आजी, तुमच्या गाडीला मी मूळ म्हटलं नाही. राग धरू नका."

"तुमच्या म्हणण्यावर कुठं हाय? कळवणकर म्हणतील ते खरं."

आखाजीच्या आधी आम्ही निघालो. महेश चालवायला, मी मागे, डिकीत सांजोऱ्यांचा डबा, खिडक्यांना मनीषाची हिरवी साडी. मनीषा घरी थांबली, कारण लेक येते तेव्हा आई दारात लागते. चाकांना जुन्या झाकण्या, घासूनपुसून. कोंबड्यांची जी होती तिच्यावर चोचींचे बारीक खड्डे आहेत, ती महेशने मागच्या चाकाला, भिंतीच्या बाजूला येईल अशी लावली. आता रस्त्यावर कुठली भिंत? दिंडोरी सोडली. वणीला मी देवीच्या गडाकडे बघून हात जोडले, तर हाही गाडी बाजूला घेऊन उतरला, आणि गड सोडून चाकंच पुसायला लागला. नांदुरीला गाडी तापली. पाणी ओतलं, निवली, निघालो. आईसारखीच आहे, महेश म्हणाला. तापते पण निवते. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

कळवणच्या गल्लीत शिरलो तर लोक ओट्यावर. निकिताची सासू, भागीबाई, पदर खोचून दारात उभी. ती सटाण्याकडची, बोलणं जरा अहिराणी वळणाचं. गाडीभोवती तिने एक फेरी मारली, बॉनेटवर बोटाने टकटक केलं, पुण्याच्या माणसाने केलं होतं अगदी तसंच.

"हाई शे का ती गाडी?" ती म्हणाली. "लय ऐकलं होतं. खरंच जुनी, का रंग मारून जुनी केली?"

मी तोंड उघडलंच होतं. पण महेश माझ्या आधी बोलला. छाती पुढे काढून, गल्लीला ऐकू जाईल असा.

"विहीणबाई, मुळाची गाडी हाय ही."

हाय म्हणाला! मला आयुष्यभर 'आहे' शिकवणारा. ते मी दिवाळीसाठी ठेवलंय.

निकिता आली, पिशवी घेऊन, पायात चप्पल घालायचीही वाट न बघता. मागे माझ्या शेजारी बसली, पडदा ओढला, आणि पडद्यावरून हात फिरवला. मग ते कापड नाकाला लावलं. गल्ली संपेपर्यंत मी समोर रस्त्याकडेच बघत बसले. रडली असेल, नसेल, पडदा कशासाठी असतो मग?

अभोणा मागे पडल्यावर तिने पडदा सारला. डोळे लाल होते आणि तोंडभर हसू होतं. "आजी," ती म्हणाली, "मागच्या चाकाला काय झालंय? कोणी टोचल्यासारखं दिसतंय."

"ओल धरली होती," मी म्हणाले.

महेशचे खांदे हलायला लागले. गाडीसुद्धा जरा हलली.

तेव्हा वेळ बरी आहे असं बघून मी पुढे वाकून म्हणाले, "महेश, तुझ्या त्या कुर्ल्याच्या झाकण्या दुधाच्या पातेल्यावर बसत नाहीत. दूध रोज उतू जातं. प्रदर्शन झालं की माझी झाकणी मला काढून दे."

"आई, ती ओरिजनल आहे!"

"म्हणूनच मागत्ये ना."